सॅक कशी भरायची? सह्याद्रीतल्या मुक्कामी ट्रेकसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस पडला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर नव्या मंडळींचे प्रश्न सुरू होतात, आणि त्यातले निम्मे सॅकबद्दलचे असतात. दर वर्षी तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखतो, म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. डोळ्यापुढे हरिश्चंद्रगड धरला आहे: शनिवारी चढायचं, रात्री वर मुक्काम, रविवारी उतरायचं. दुसरा किल्ला किंवा एखादी घाटवाट असली तरी फार फरक पडत नाही. जिथे पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

कॉलेजची किंवा लॅपटॉपची बॅग चालेल का?

एका दिवसाच्या ट्रेकला चालेल. पहाटे कळसूबाई चढून दुपारी बारी गावात परत यायचं असेल तर पाणी, डबा, रेनकोट, टॉर्च, एवढ्याला २५ लिटरची कुठलीही धड शिवणीची बॅग पुरते. मुक्काम असला की मात्र तिचा उपयोग नाही. जागा कमी पडते हे एक, पण खरी अडचण कंबरपट्ट्याची. लॅपटॉपच्या बॅगेला तो नसतो, असला तरी नुसती पट्टी असते. मग आठ-नऊ किलो ओझं खांद्यांवर लटकतं आणि हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरच्या टोलार खिंडीत पोहोचेपर्यंत मान आखडते.

पहिल्या ट्रेकसाठी लगेच नवी सॅक विकत घेऊ नका. कोणाकडून तरी मागून आणा. दोन ट्रेक झाले की आपल्याला काय हवं ते आपोआप कळतं.

मग किती लिटरची घ्यावी?

सह्याद्रीतल्या एक-दोन मुक्कामांसाठी ४० ते ५० लिटर. हिमालयात आठवडाभर जायचं असेल तर ६० ते ७०. "एकदाच घ्यायची आहे तर मोठीच घेतो" हा हिशेब चुकतो, कारण मोठी सॅक भरतेच. रिकामी जागा दिसली की आपल्याकडच्या माणसाला चिवड्याचा डबा आठवतो.

लिटरइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाठीची लांबी. मान पुढे झुकवली की मानेच्या बुडाशी एक हाड टोचतं. तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते आणि सव्वापाच फुटी माणसाची लांब, त्यामुळे उंचीवरून सॅक निवडायला जाऊ नका. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघणं निरुपयोगी. आत वजन घालून मागा, कंबरपट्टा आवळा आणि दुकानात दहा मिनिटं फिरा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

वजन किती असावं?

आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. ५५ किलोच्या माणसानं ११ किलो ही शेवटची मर्यादा समजावी, आणि नवख्यानं त्याच्याही दोन किलो खाली राहावं.

हिशेब साधारण असा बसतो. रिकामी सॅकच दीड ते दोन किलो. स्लीपिंग बॅग एक ते दीड. कॅरीमॅट, म्हणजे खाली अंथरायची फोमची चटई, तीन-चारशे ग्रॅम. कपडे दीड किलोच्या आत. खाणं एक-दीड किलो. पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. एवढ्यातच आठ ते दहा किलो झाले, आणि अजून औषधं, टॉर्च, गटाच्या सामानातला वाटा राहिलाच आहे. तेव्हा "एवढं तर काही जड नाही" असं एकेका वस्तूबद्दल म्हणणं सोडून द्या.

घरी वजनकाटा असेल तर आधी स्वतः उभे राहा, मग सॅक घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा. काटा नसेल तर कोपऱ्यावरचा रद्दीवाला आनंदानं तोलून देतो. मला एकदा त्यानं भावही सांगितला होता.

आई सॅक भरून देते म्हणते. भरू देऊ का?

नाही. हसू नका, हा प्रश्न खरंच येतो आणि तो विचारणारे सगळे अठरा वर्षांचे नसतात. काही ठिकाणी आईच्या जागी बायको असते.

माझा पहिला मुक्कामी ट्रेक हरिश्चंद्रगडाचाच. खुबी फाट्याला एसटीतून उतरलो, धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वरला गेलो आणि निघायला उशीर झाल्यामुळे टोलार खिंडीच्या वरच अंधार पडला. खिंडीनंतर कातळटप्पा आहे, आणि पुढे देवळापर्यंत टेकड्यांमागून टेकड्या लागतात. पाऊस, धुकं आणि काळोख. माझी टॉर्च आईनं पाच जोड कपड्यांच्या खाली, एका नव्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळून ठेवली होती, फुटू नये म्हणून! ती सापडेपर्यंत तिथल्या चिखलात माझे सगळे कपडे बाहेर आले होते. त्या रात्री अंगात घालायला कोरडं असं माझ्याकडे काहीच नव्हतं.

आईनं भरण्यात काही चूक केली नव्हती. तिनं कपाट लावतात तशी सॅक लावली होती. घरात कपाटापुढे दिवा असतो आणि उभं राहायला कोरडी फरशी असते. म्हणून जिला डोळे मिटून हात घालायचा आहे, ती सॅक आपली आपणच भरायची.

मग भरायची कशी? कुठली वस्तू कुठे?

आधी सगळं सामान जमिनीवर मांडा. मग दिवस उलटा आठवा. सगळ्यात शेवटी, म्हणजे रात्री झोपताना काय लागणार? स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कोरडे कपडे. ते तळाशी. ते मऊ असतात, हलके असतात आणि कमरेवर गादीसारखे बसतात.

त्याच्या वर जड सामान, आणि तेही पाठीला चिकटून: शिधा, भांडी, स्टोव्ह, पाण्याची जादा बाटली. दोन खांद्यांच्या पात्यांमधल्या उंचीवर सगळ्यात जड वस्तू यावी. तीच वस्तू पाठीपासून वीतभर लांब, बाहेरच्या बाजूला गेली की सॅक मागे ओढायला लागते. मग आपण तोल सावरायला पुढे वाकतो आणि दिवसभर वाकलेलेच राहतो. वजन तेवढंच, पण दमणूक दुप्पट. जड सामानाभोवतीच्या फटीत, बाहेरच्या अंगाला हलके कपडे कोंबायचे. भांड्याच्या आतली पोकळी रिकामी सोडू नका. मोजे, चहाच्या पुड्या, कांदे, काहीही त्यात जातं.

या नियमाला एक अपवाद आहे. जिथे हात टेकून चढायचं असतं, उदाहरणार्थ हरिश्चंद्रगडावर बेलपाड्याकडून येणारी नळीची वाट, तिथे जड वस्तू थोड्या खाली, कमरेजवळ आणा. वजन वर असलं की कातळावर शरीर वळवताना सॅक आपल्याला फिरवते. तोल गेला तर तिथे सावरायला जागा नसते.

सगळ्यात वर, झाकणाच्या लगेच खाली, पावसाचं सामान आणि दुपारचं खाणं. झाकणाच्या कप्प्यात टॉर्च, औषधांची पिशवी, शिट्टी, चाकू. कंबरपट्ट्याच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या आणि चिक्की. बाजूच्या खिशांत पाण्याच्या बाटल्या, दोन्हीकडे सारख्या. एकीकडची लिटरभर संपली आणि दुसरीकडची भरलेली राहिली की सॅक कलते, त्यामुळे आलटून पालटून प्या.

भरून झालं की एक परीक्षा घ्या. खोलीतला दिवा घालवा आणि अर्ध्या मिनिटात टॉर्च काढून दाखवा. मग रेनकोट. मग कोरडे मोजे. आमच्या ग्रुपमध्ये नव्या माणसाला हे आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर करायला लावतात. सुरुवातीला सगळ्यांना ही थट्टाच वाटते.

पावसात सॅक कोरडी कशी ठेवायची? रेनकव्हर पुरेल ना?

पुरत नाही. रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकू शकत नाही. मानेवरून ओघळणारं पाणी आणि घाम तिथूनच आत जातं. शिवाय गडाच्या कोकणकड्यावर वारा सुटला की कव्हर पतंगासारखं उडतं. मी ते लावतो, पण चिखलापासून बचाव म्हणून.

खरं संरक्षण आतून करायचं असतं. सॅकच्या आत तिच्याहून मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी उघडून बसवा, सगळं सामान त्या पिशवीत भरा आणि तोंड पिळून, दुमडून खाली दाबा. नुसती गाठ मारली तर पाणी गाठीतून झिरपतं. त्याच्या आत पुन्हा स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे वेगळ्या पिशवीत. फोन, पैसे, काडेपेटी यांच्यासाठी धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. दुधाच्या पिशवीइतकी भरवशाची आणि फुकट वस्तू ट्रेकिंगच्या दुकानात मिळत नाही. तोंडाला रबरबँड लावा आणि चार जादा ठेवा.

सांदण दरीत जाणाऱ्यांना हे जास्तच लागू. तिथे पाण्यातून चालावं लागतं, ते कधी कमरेच्या वर असतं आणि सॅक डोक्यावर धरून जावं लागतं. हात थकले की ती टेकतेच. पण तिकडे पावसाळ्यात जायचंच नसतं, हेही इथेच सांगून टाकतो.

छत्री? एसटी स्टँडपर्यंत ठीक आहे.

कपडे किती घ्यायचे?

लोकांना वाटतं त्याच्या निम्मे. चालायचा एक जोड अंगावर आणि झोपायचा एक जोड सॅकमध्ये. मोज्यांचे जादा दोन जोड, आतले कपडे दिवसाला एक, वाऱ्यासाठी एक जाकीट, कानटोपी. झालं.

चालायचे कपडे भिजणार, रविवारी सकाळी तेच ओले कपडे पुन्हा चढवायचे. पहिली पाच मिनिटं अंगावर काटा येतो, नंतर चालून ऊब येते. हे ज्याला जमत नाही तो सकाळी झोपायचे कोरडे कपडे घालून निघतो आणि अर्ध्या तासात त्याच्याकडे कोरडं काहीच उरत नाही. झोपायचा जोड म्हणजे झोपायचाच.

जीन्स नको. ओली झाली की जड होते, मांड्या सोलवटतात आणि दोन दिवस वाळत नाही. टॉवेलऐवजी पंचा घ्या. पातळ असतो, पिळला की तासाभरात वाळतो, डोक्याला बांधता येतो, गरम भांडं उतरवायला चालतो आणि प्रसंगी गळपट्टीही होते.

चप्पल, बूट वगैरे?

बूट पायात, आणि मुक्कामावर पायांना हवा मिळावी म्हणून हलकी स्लीपर सॅकमध्ये. तिचे तळवे एकमेकांना लावून वर्तमानपत्रात गुंडाळा. नवे कोरे बूट ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

खाण्याचं काय न्यावं?

आधी हे ठरवा की वर शिजवायचं आहे का. हरिश्चंद्रगडावर शनिवार-रविवारी पायथ्याच्या पाचनईची आणि आसपासची माणसं पिठलं-भाकरी, चहा, पोहे करून देतात. मी हल्ली तिथेच जेवतो. त्यांना चार पैसे मिळतात आणि माझे स्टोव्ह, भांडी, शिधा मिळून तीन किलो वाचतात. "स्वतः शिजवण्यात मजा आहे" असं म्हणणाऱ्यांशी माझं वैर नाही, फक्त टोप त्यांनीच वाहावा.

पहिल्या दिवशीच्या दुपारसाठी घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा थालीपीठ, सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी. रस्साभाजी, दही, तेल सुटणारं लोणचं आणू नका. एकाच्या डब्यातलं लोणचं एकदा तिघांच्या स्लीपिंग बॅगांपर्यंत पोहोचलं होतं. स्टीलचा डबा घरी ठेवा. पोळ्या फडक्यात बांधल्या की खाऊन झाल्यावर फडकं खिशात जातं.

चालता चालता खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याची चिक्की. हे सॅकच्या पोटात नको, हाताला लागेल असं ठेवा. सॅक उतरवावी लागते म्हणून माणूस खायचं टाळतो आणि मग चढावर एकदम गळून जातो.

शिजवायचंच असेल तर खिचडी. माणशी सव्वाशे ग्रॅम डाळ-तांदूळ घरूनच एकत्र करून घ्या, त्यातच हळद, तिखट, मीठ आणि गोडा मसाला यांची पुडी. तेल औषधाच्या छोट्या बाटलीत, आणि ती बाटली दुधाच्या पिशवीत. चहा, साखर आणि दूधपावडर यांचंही असंच एकत्र मिश्रण करता येतं. वर जाऊन फक्त पाणी उकळायचं.

रात्री खाण्याच्या पिशव्या सॅकमधून काढून उंच टांगा. गुहेत उंदीर असतात आणि ते झिप उघडत नाहीत, सरळ कापड कुरतडतात. दिवसा माकडं. त्यांना झिपही उघडता येते.

पाणी किती? गडावर टाकी आहेत ना?

आहेत, पण पाणी कुठल्या टाक्यात आणि किती उरलं आहे हे त्या महिन्यावर अवलंबून असतं. पावसाळ्यात दोन लिटर घेऊन निघालं तरी चालतं. जानेवारीनंतर तीन, आणि एप्रिल-मे महिन्यात एखाद्या आडवाटेच्या किल्ल्यावर जायचं असेल तर चार लिटर पाणी घेऊन बाकी सामानाला कात्री लावा. एकच मोठी बाटली नको. लिटरच्या तीन असल्या की एक फुटली तरी दोन उरतात. टाक्यातलं पाणी फडक्यानं गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून प्या.

चूल पेटवू का? गॅसचा छोटा कॅनिस्टर रेल्वेतून नेता येतो का?

दोन्हींना नाही. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि अभयारण्यात आग पेटवायला कायद्यानं मनाई आहे. धुरामुळे कड्यावरची आग्या मोहळं उठतात ते आणखी वेगळं. रेल्वेतून गॅस, रॉकेल यांसारखं ज्वलनशील सामान नेणं गुन्हा आहे, मग ती शेवटची कसारा लोकल का असेना.

कॅरीमॅट आणि तंबू सॅकच्या बाहेर लटकवला तर चालेल का?

मोकळ्या वाटेवर कॅरीमॅट बाहेर, उभी, बाजूच्या पट्ट्यात चालते. आडवी लावली की कारवीच्या रानात दोन्हीकडे अडकते आणि अरुंद वाटेवर कड्याला घासून आपल्यालाच दरीकडे ढकलते. ही अतिशयोक्ती नाही. बाहेर लटकणारा मग, चपला, ओला टॉवेल हे सगळं चालताना हलतं आणि तोल बिघडवतं. अलंग-मदन-कुलंगसारख्या ठिकाणी कातळटप्प्यावर सॅक दोरानं वर ओढून घेतात, तिथे बाहेर लावलेली वस्तू खालीच राहते.

मी कॅरीमॅट सॅकच्या आत नळकांड्यासारखी उघडून बसवतो आणि सामान त्या नळकांड्यात भरतो. थोडी जागा जाते, पण सॅकला आकार येतो आणि पाठीला काही टोचत नाही.

एवढं करूनही खांदे दुखतात. का?

पट्टे चुकीच्या क्रमानं आवळत असाल. खांद्यांचे पट्टे आधी सगळे सैल करा. सॅक मांडीवर घ्या, एक हात घाला, मग वळून दुसरा. जमिनीवरून एका झटक्यात पाठीवर घेऊ नका, कंबर धरते. आता कंबरपट्टा, पोटावर नाही तर कमरेच्या हाडांवर, घट्ट. त्यानंतर खांद्यांचे पट्टे, सॅक पाठीला टेकेल एवढेच. मग खांद्यांच्या वर जे छोटे तिरके पट्टे असतात ते किंचित. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी, श्वास अडणार नाही इतपत.

बरोबर बसलं तर बहुतेक वजन कमरेवर येतं आणि खांद्याच्या पट्ट्याखाली एक बोट सहज सरकतं. चढावर आणि उतारावर हे पुन्हा पुन्हा सैल-घट्ट करायचं असतं, एकदा लावून विसरायचं नसतं.

गटाचं सामान कसं वाटायचं?

आदल्या दिवशी, वजन करून. स्टँडवर वाटप सुरू केलं की जो उशिरा येतो त्याच्या वाट्याला हलका पापड येतो. तंबू एकाकडे, त्याच्या काठ्या दुसऱ्याकडे, टोप तिसऱ्याकडे. दोरी आणि मोठी औषधपेटी मात्र सगळ्यात शेवटी चालणाऱ्याकडे द्या. कोणाला काही झालं तर मागचा माणूस पुढे जाऊन पोहोचतो. औषधपेटी पुढे निघून गेली असेल तर ती परत आणायला पुन्हा कोणाला तरी चढावं-उतरावं लागतं.

औषधांच्या पिशवीत काय असावं?

आपली नेहमीची औषधं पहिली. पुष्कळ लोक आयोडीन आणतात आणि स्वतःची रक्तदाबाची गोळी विसरतात. मग क्रेप बँडेज, निर्जंतुक पट्ट्या, जखमेचं मलम, तापाची गोळी, जुलाबासाठी ओआरएसच्या पुड्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नका.

कोयनेच्या किंवा आंबोलीच्या बाजूला पावसात जाणार असाल तर चिमूटभर मिठाची पुरचुंडी हाताशी ठेवा, जळवांसाठी. सापासाठी पिशवीत काही ठेवायचं नाही: ब्लेड नको, आवळून बांधायची दोरी नको. चावलेला अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर खाली न्यायचं आणि १०८ ला फोन लावायचा.

मुलींसाठी काही वेगळं?

सॅकच्या बाबतीत एक गोष्ट. पट्टे जवळ असलेल्या आणि कंबरपट्टा उतरता असलेल्या, बायकांसाठी बनवलेल्या सॅक मिळतात. भावाची सॅक खांद्यांवरून घसरत असेल तर दोष तुमचा नाही.

पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पॅड घेऊन ठेवा. चढाच्या दगदगीनं ती पुढेमागे होते. वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून गडद, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी परत घरी. गडावर पुरू नका, जनावरं उकरून काढतात. कपडे बदलायला लुंगी किंवा मोठी ओढणी उपयोगी पडते. ज्या मैत्रिणींसोबत मी फिरलो त्या सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली: हे सामान झाकणाच्या कप्प्यात ठेवा, मागावं किंवा शोधावं लागू नये. सकाळच्या विधीसाठी छोटं खुरपंही असू द्या. पाण्याच्या टाक्यापासून सत्तर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा. हे खुरपं सगळ्यांसाठी आहे, मुलग्यांनो.

एसटीत आणि लोकलमध्ये सॅक कशी न्यायची?

लोकलमध्ये चढताना सॅक पाठीवरून काढून पुढे, हातात. गर्दीत मागे वळलात की कोणाच्या तरी चष्म्याला लागते. सगळे लोंबणारे पट्टे बकलमध्ये अडकवून ठेवा. एसटीत ती सीटखाली किंवा मागच्या बाजूला ठेवावी लागते आणि तिच्यावर दुसऱ्याची कोंबड्यांची टोपलीही येऊ शकते. पैसे, फोन आणि ओळखपत्र अंगावर.

हिमालयात विमानानं जायचं आहे. काय बदलतं?

पॉवरबँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते, आणि नेहमीची २०,००० एमएएचची पॉवरबँक सुमारे ७४ वॉट-अवरची भरते. चाकू आणि चालायच्या काठ्या चेक-इनमध्ये. गॅसचा कॅनिस्टर कुठेच नाही, तो तिकडे जाऊन विकत घ्यायचा. आणि विमान कंपन्यांच्या बंदीच्या यादीत सुकं खोबरंही असतं, त्यात तेल असतं म्हणून. तेव्हा लाडवासाठी खोबऱ्याच्या वाट्या घेऊन निघणाऱ्यांनी ते घरीच किसावं आणि लाडूच न्यावेत.

सॅक चेक-इनला देताना पट्टे आत दुमडून तिला एखाद्या मोठ्या पोत्यात घाला. पट्टा सामानाच्या सरकत्या पट्ट्यात अडकून तुटला तर ट्रेक सुरू होण्याआधीच सॅक निकामी होते. माझी अशीच झाली होती, आणि तो आठवडा मी सुतळीवर काढला.

परत आल्यावर सॅकचं काय करायचं?

कितीही झोप आली असली तरी त्याच रात्री रिकामी करा. ओली सॅक कोपऱ्यात पडली की बुरशी धरते. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, आतला पाणी अडवणारा थर सोलून निघतो. मऊ ब्रश, साधा साबण, आणि सावलीत उलटी टांगून वाळवा. कचऱ्याची पिशवीही रिकामी करा. ती तुम्ही खाली आणली असेल असं धरून चाललो आहे.

रिकामी करताना सामानाचे तीन ढीग करा: वापरलेलं, न वापरलेलं, आणि न वापरलं तरी असायलाच हवं ते, म्हणजे औषधं, शिट्टी, जादा टॉर्च. मधला ढीग पुढच्या ट्रेकला घरी राहतो. माझ्या मधल्या ढिगातून आजवर छत्री गेली, घडीची खुर्ची गेली, दाढीचं सामान गेलं. दुर्बीण मात्र अजून येते. ती मी एकदाही डोळ्याला लावलेली नाही.